मोजणी चालू आहे

बापूंनी दोन बोटं आधी आपल्या कानाला लावली आणि मग माझ्या कॉम्प्युटरच्या काचेवर टकटक केलं. मी चहा गाळत होते, गाळणी तशीच हातात राहिली. चौदा महिने या माणसाने त्या पेटीकडे पाठ फिरवून बसायचं ठरवलं होतं. सांगलीला माझ्याकडे आले की खुर्चीसुद्धा भिंतीकडे वळवून घ्यायचे. आणि आज सकाळी आठ वाजता स्वतःहून सांगत होते, लाव. काल मिरजेत दाखवून आलो, डॉक्टर म्हणाले, ‘झकास आहे नानासो, आता सहा महिन्यांनी या,’ रात्री माझ्याकडे नीट झोपले, त्यातून कुठून धीर आला कोण जाणे. मी विचारलं, ‘खरंच लावू, बापू?’ त्यांनी जीभ टाळ्याला लावून एकदा टच् केलं. गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकल्यापासून त्यांच्याकडे तेवढाच आवाज राहिलाय. हुंकार नाही, शीळ नाही, खोकलासुद्धा निघतो तो गळ्याच्या भोकातून, वर बांधलेल्या पांढऱ्या कापडातून. एक टच् म्हणजे होय. दोन म्हणजे नाही. भराभर चार-पाच म्हणजे, काय गं तुझं हे. लिहिता येत असतं तर पाटी दिली असती, पण बापू आयुष्यात शाळेत गेले ते एकदाच, आवारात मेंढरं शिरली म्हणून हाकलायला.

त्यांचा आवाज माझ्याकडे होता. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस मी गावी, आटपाडीच्या पलीकडे, जाऊन राहिले आणि फोन हातात धरून त्यांच्या मागेमागे हिंडले. मेंढरांना घातलेल्या हाका, कुत्र्याला दिलेल्या शिव्या, आईशी भांडण (आईला, हरणाबाईला, कळलं की हे साठवून ठेवणार, तर तिने भांडण आणखी लांबवलं), आणि शेवटच्या संध्याकाळी मेंढरांची मोजणी. सगळं घरी आणून कॉम्प्युटरवर उतरवलं, ‘बापू’ नावाचा फोल्डर केला. पुढे तो फोन बिघडला, टाकून दिला. दुसरी प्रत? नाही केली. मी एकोणीस वर्षं टायपिंग करते. माझ्याकडे दोन हजार अकरा सालच्या लग्नपत्रिका दोन-दोन ठिकाणी जपून ठेवलेल्या आहेत, त्यातले काही संसार एव्हाना मोडलेसुद्धा असतील, आणि त्याच बाईने बापाचा आवाज एका जागी ठेवला. कॉपी करायची तर फोल्डर उघडावा लागला असता, आणि उघडला की हात एखाद्या फाईलवर जाणारच. सूरज, माझा नवरा, कितीदा म्हणाला. मी दर वेळी ‘करते की’ म्हणून भाजी चिरायला बसायचे. घाबरट आहे मी, दुसरं काय.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आले आणि खाली इंग्रजीत ओळ आली: ड्राइव्ह तपासतोय, दुरुस्त करतोय. शून्य टक्के. चार, सात, अकरा. अकरावर जो थांबला तो थांबलाच. का थांबला ते मला माहीत होतं. काल संध्याकाळी वारं सुटलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेल्यात जमा, तिने दोनदा कोकलून मान टाकली, आणि कुणाच्या तरी प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर मशीन दाणकन बंद पडलं. मी म्हटलं, उद्या बघू. आता वीस मिनिटं झाली तरी अकरा. बापू शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत टॉवेल मांडीवर घेऊन बसलेले, एसटीत बसल्यासारखे सरळ. मी बटण दाबून धरलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. चार, सात, अकरा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझं हे असंच आहे, लिफ्टचं बटणसुद्धा मी चारदा दाबते. तिसऱ्यांदा अकरा झाले, दहा मिनिटं गेली, माझं बोट बटणाकडे गेलं आणि बापूंनी माझं मनगट धरलं. हलकं नाही, घट्ट. पंचाहत्तरीचा माणूस, पण बकरं धरायची पकड अजून तशीच. ‘सोडा हात, बापू! तुमाला काय कळतंय ह्यातलं?’ मी ओरडले. ओरडले आणि लगेच जीभ चावली. त्यांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवलं, मग ते अकराच्या आकड्याकडे नेलं. इंग्रजी आकडे त्यांना फोनमुळे येतात. पुन्हा ओठांवर, पुन्हा आकड्याकडे. आणि मला ते ओळखीचं वाटलं. कुठलं ओळखीचं, ते मी त्या क्षणी मनात पुरतं येऊ दिलं नाही, फोन उचलला आणि जोतिबाभाऊंना लावला.

जोतिबाभाऊ फौजेच्या सिग्नल्समधून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात. मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे, घरचा ऊस, भावकीतले निम्मे फौजेत. फोन उचलला तर मागे ताशा. ‘जय हिंद ताई, गावची यात्रा हाय, पंगतीत वाढाय हुबा हाय. एक मिनिट, बादली देतो कुणाकडं तरी.’ ताशा लांब गेला. मी सांगितलं. ‘तिसऱ्यांदा म्हंजे? दोनदा तुमी मधीच बंद केलं? आवं ताई, तुमी पण ना! आता ऐका नीट. काल लाईट गेली तवा त्याचं काम अर्ध्यावर ऱ्हायलं. आता ते एकेक पान तपासतंय, कुठलं फाटलं, कुठलं शाबूत हाय. मधी बंद केलं की परत पयल्यापासनं. आन दर बारीला एखादं पान जास्त फाटायची भीती.’ मी म्हटलं, ‘मग अकरावर का अडकलंय?’ ‘दोनच गोष्टी असू शकत्यात. एक, तिथं जागा अवघड हाय आन ते सावकाश काम करतंय. मग हात लावायचा न्हाई, चार तास लागू देत न्हाईतर आठ. दुसरी, डिस्क मेलीय, आत नुसती आपटतीय. मग चालू ठिवली तर ऱ्हायलंय ते बी जाईल, लगोलग बंद करायची. कुठली ती मला हितनं दिसत न्हाई. लाल दिवा लुकलुकतोय?’ ‘लुकलुकतोय.’ ‘आता कान लावा. टक्, टक् असं लोखंड आपटल्यागत येतंय, का नुसती बारीक घरघर?’

मी गुडघ्यावर बसून पेटीला कान लावला. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले, वरचा पंखा ऐकू आला, शेजारच्यांचा कुकर ऐकू आला. टक् म्हणावं तर टक्, घरघर म्हणावं तर घरघर. चालू ठेवायचं का बंद करायचं, आणि चुकलं तर बापूंचा आवाज गेला, कायमचा, जगात दुसरीकडे कुठेही नाही तो. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात बापूंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. खाली मांडी घातली, टॉवेलला हात पुसला, आणि पंजा पसरून पेटीच्या कुशीवर ठेवला. डोळे मिटले. लहानपणी शंभरदा पाहिलेलं हे. गाभण मेंढी दोन दिवस अडून बसली की बापू तिच्या पोटावर असाच हात ठेवायचे आणि मेंढक्यांचा सगळा तळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. मी विचारलं, ‘आत काय आपटतंय का, बापू?’ टच्, टच्. ‘चाललंय?’ टच्. फोनवर मी म्हणाले, ‘बापू म्हणतात चाललंय.’ ‘बापू कोण? कॉम्प्युटरवाले?’ ‘माझे वडील. मेंढरं राखतात.’ ‘मग बरुबर आसंल,’ जोतिबाभाऊ म्हणाले. ‘आमच्या युनिटला जनरेटर कवा बसणार ते नुसत्या हातानं सांगणारा तुमच्या आटपाडीकडचाच हुता. मानलं पायजे गड्याला. ताई, प्रिंटरची वायर काढा, पेनड्राइव्ह असंल तर काढा, आन गप बसा. उघडलं की पयलं काम कॉपी, रडणं-हसणं नंतर. आन मला रिपोर्ट द्या.’ यात्रेच्या दिवशी, पंगत सोडून, मटणाची बादली दुसऱ्याच्या हातात देऊन हा माणूस माझ्याशी बोलला. असे लोक आहेत म्हणून माझ्यासारख्यांचं निभतं.

आणि मग आम्ही बसलो. मी आणि बापू, समोर अकरा. बापूंनी हाताने विचारलं, किती व्हायचेत? मी म्हटलं, ‘शंभर. पाच इसा.’ त्यांनी मान हलवली, माझ्या टेबलावरच्या डबीतून पाच पेपरक्लिपा मोजून घेतल्या आणि डाव्या मुठीत धरल्या. आता मात्र मला ओळखीचं काय वाटलं ते टाळता येईना. आमच्याकडे मेंढरं अशीच मोजतात. दिवस बुडताना कळप तळावर आला की वाघरीचं, म्हणजे जाळीच्या कुंपणाचं, एक टोक उचलायचं आणि दोन-दोन मेंढरं आत सोडायची. दोन, चार, सा, आठ, धा. ईस झाली की एक खडा डाव्या मुठीतून उजव्या मुठीत. आणि मोजणारा मोजत असताना कोणी तोंड उघडायचं नाही. पाहुणा आला तरी लांब उभा राहतो, बायका भाकरी थापायच्या थांबतात. कोणी बोललं की मोजणी मोडली. मोडली की सगळी मेंढरं बाहेर काढायची आणि पहिल्यापासून सुरू. अंदाजाने पुढे जायचं नाही, एवढ्यावर होतो बहुतेक, असं म्हणायचं नाही. मोजणारा ओठांवर बोट ठेवतो, मग मेंढरांकडे दाखवतो. झालं, त्याच्या पुढे शब्द नाही.

मी आठ वर्षांची असताना आम्ही पलूसजवळ होतो. दिवाळी सरली की आमच्याकडचं रान करपायचं, मग कळप कृष्णेच्या काठाला उतरायचे, आणि ऊसवाले शेतकरी तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. त्या दिवशी दहा-बारा मैल चाललो होतो. माझी टाच फुटली होती, पोटात सकाळची अर्धी भाकरी होती, आणि बापूंचं मोजून झाल्याशिवाय चूल पेटणार नव्हती. मी पहिल्यांदा बोलले ते कशासाठी ते आठवत नाही, बहुतेक कुत्र्याला हाड म्हणाले. मोजणी मोडली. मेंढरं बाहेर, पुन्हा दोन, चार, सा. दुसऱ्यांदा म्हणाले, ‘बापू, झालं का?’ आईने लांबून हात उगारला. पुन्हा बाहेर, पुन्हा दोन, चार. अंधार पडायला लागला होता, कालव्याच्या पाण्याचा वास येत होता, उसाचं पाचट पायात करकरत होतं. तिसऱ्यांदा ते शेवटाला आले होते आणि मी रडायला लागले. बापू थांबले. मेंढरं तर सगळी आत गेलेली. त्यांनी मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘सपे, तुज्या रडण्यात ईसरलो बग. तू बगत हुतीस न्हवं? किती झाली?’ मी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, ‘चार इसा आन सात.’ मी मोजलं नव्हतं. तो आदल्या दिवशीचा आकडा होता. भूक लागली होती मला. बापू म्हणाले, ‘बरं.’ चूल पेटली. भाकरी खाल्ली, आणि ती गोड लागली, हे मला आजही आठवतं आणि आजही माझी मलाच लाज वाटते.

सकाळी चांदी मेंढी कालव्यात मेलेली सापडली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, गाभण, पहिल्या वेताची. मागे राहिली असणार, रात्री कळपाचा आवाज ऐकत आली असणार. आई बसून रडली. तळावरचे बाकीचे धनगर जमले, रानमालक आले, आणि बापू सगळ्यांसमोर म्हणाले, ‘माजी मोजणी चुकली.’ एवढंच. मेंढक्याने हे बोलणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पुढची कितीतरी वर्षं, लग्नकार्यात, बाजारात, कोणाचा हिशोब चुकला, कोणी गाडी चुकवली की लोक हसून म्हणायचे, ‘नानासोची मोजणी झाली बग ही.’ बापू पण हसायचे. मी पाणी वाढत तिथेच उभी असायचे. बोलले नाही कधीच. आठव्या वर्षी नाही, अठराव्या नाही, ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते शेवटचं बोलत होते तेव्हाही नाही. आणि पुढच्याच वर्षी याच माणसाने मला पलूसला विजयमालाकाकींच्या दारात उभं केलं. ज्यांच्या रानात आम्ही बसायचो त्या काकी, नवरा फौजेत, घरात सासू आणि दोन म्हशी. काकी म्हणाल्या होत्या, पोरगी चुणचुणीत हाय, मेंढरामागं नका फिरवू, ऱ्हाऊ द्या माज्याकडं, शाळंत घालते. आई नाही म्हणत होती. बापूंनी माझं गाठोडं काकींच्या ओसरीवर ठेवलं आणि म्हणाले, ‘हिला मोजाय शिकवा.’ काकींनी मला सात वर्षं आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवलं, केस विंचरले, पावसात छत्री घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. आपल्या पोटच्या पोरीचं कोणी करणार नाही इतकं केलं. काकी, जोतिबाभाऊ, मिरजेच्या वॉर्डात बापूंची नळी साफ करायला शिकवणारी ती नर्स, एकेकाचं नाव घेत मी अकराच्या आकड्यासमोर बसून राहिले. एरवी मला आभार मानायला सवड नसते, आज दुसरं कामच नव्हतं.

बारा वाजले. अकरा. मी वरण-भात मऊ करून आणला, बापूंनी पडद्यावरची नजर न हलवता खाल्ला. सूरजचा कुपवाडहून फोन आला, जेवणाच्या सुट्टीत. मी दारामागे जाऊन हळू बोलले, कॉम्प्युटरला ऐकू जाणार नाही अशा बेताने. ‘कॉपी ठेव म्हणून कितीदा...’ एवढ्यावर ते सोडून त्याने विचारलं, ‘बापू जेवले का?’ परत येऊन अकरासमोर बसले. आता नाही तर कधी? आवाज मिळाला नाही तर या माणसाला मी काय देणार? निदान खरं तरी द्यावं. मी म्हणाले, ‘बापू, पलूसला चांदी गेली ना, तवा मी तुमाला खोटं सांगितलं हुतं. मी मोजलंच न्हवतं. तुमची मोजणी चुकली न्हवती, बापू. माज्यामुळं लोक तुमाला हसले.’ एका दमात. पस्तीस वर्षं ज्याची भीती वाटत होती ते बोलायला एवढा कमी वेळ लागला. बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली, एक टच् येईल, दोन येतील, मनगटावर हात येईल, काहीतरी. त्यांनी बोट उचललं, आपल्या ओठांवर ठेवलं, आणि अकराकडे दाखवलं. मोजणी चालू आहे. बास. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. राग आला असता तरी चाललं असतं, मी मनात म्हटलं, निदान काहीतरी आलं असतं.

दीडच्या सुमाराला पंख्याची पाती दिसायला लागली. वारा नव्हता, काही नव्हतं, लाईट गेली. यूपीएस कोकलायला लागला. कालच्यासारखी लगेच मान टाकली नाही तरी ही बॅटरी फार तर एखादं मिनिट काढेल. मी जागची उठले, काय करायला उठले तेही कळेना, देवासमोर गेले आणि परत आले. बापूंनी यूपीएसवर हात ठेवला होता, बाळ थोपटतात तसा. मी मोजायला लागले, मनात, ओठ न हलवता, दोन, चार, सा. ईस झाली, दोन इसा झाली. कोकलण्याचा आवाज पातळ झाला. तीन इसाच्या आत पंखा गुरगुरला आणि फिरला. कोणत्या खांबावर कोण वायरमन उन्हात चढला होता मला ठाऊक नाही, त्याचं भलं होवो, त्याच्या मुलाबाळांचं भलं होवो. मी खाली बसले. बापूंनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पडद्याकडे बोट केलं. बारा.

बारा, तेरा, सोळा. अवघड जागा सरली असावी. वीस झाले तेव्हा बापूंनी एक क्लिप डाव्या मुठीतून उजव्या मुठीत टाकली, आणि मला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. चाळीस. साठ. साठावर पुन्हा पाऊण तास. माझं बोट एकदाही बटणाकडे गेलं नाही. सव्वाचार वाजता पाचवी क्लिप पडली, पडदा काळा झाला, आणि मग आमच्या मुलीचा गॅदरिंगमधला फोटो पडद्यावर आला, नऊवारीत, एक दात पडलेला. फोल्डर जागेवर होता. बापू. मी सुभेदारांचा हुकूम पाळला, आधी कॉपी, नव्या पेनड्राइव्हवर एक आणि सूरजच्या जुन्या लॅपटॉपवर एक. फोनवर रिपोर्ट दिला. ‘शाबास,’ जोतिबाभाऊ म्हणाले, ‘मला न्हाई, त्या मेंढरंवाल्यांना सांगा.’ मग मी खुर्ची बापूंच्या खुर्चीला लावून घेतली आणि विचारलं, ‘कुठलं लावू?’ त्यांनी उजव्या मुठीतल्या क्लिपा दाखवल्या.

आधी वारा आला, मग मेंढरांचं बें-बें, मग कुत्रं, आणि मग बापू. ‘दोन, चार, सा, आठ, धा...’ घोगरा, तंबाखूने खरवडलेला, आजाराने चिरलेला, पण तोच. बापूंचा हात गळ्याच्या कापडावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांचे ओठ हलत होते, आवाजाच्या अर्धा शब्द पुढे. फोन मी त्या दिवशी वाघरीच्या खुंटाला टांगून ठेवला होता आणि आईला मदत करायला पालाकडे गेले होते, हे मला आठवलं. ‘एक ईस. दोन, चार, सा...’ आणि लांबून, माझा आवाज: ‘बापू, च्या टाकू का?’ खोलीत मी कपाळाला हात लावला. रेकॉर्डिंगमध्ये मेंढरं ओरडत राहिली. मग बापूंचा आवाज आला, बारीक, फोनच्या अगदी जवळून, कोणालाही नाही, स्वतःशीच. ‘मोडलीस. ह्या पोरीचं तोंड काय ऱ्हात न्हाई. पलूसला बी अशीच मोडलीवती तीनदा. आन वर मलाच सांगती, चार इसा आन सात.’ हसणं आलं, खरखरीत, खोकल्यात बुडालेलं. ‘काल्चा आकडा सांगती लबाड. मला काय कळत न्हवतं व्हय? पर भुकेनं डोळं मिटत हुतं लेकराचं. म्हणलं असू दे, आदी खाऊ दे. मीच परत मोजाय पायजे हुतं, ते ऱ्हायलं.’ मग मोठ्याने, ‘चला, भाईर काडा समदी! पयल्यापासनं. घाई कुणाला हाय?’

मी वळून बघितलं. बापू भिंतीकडे बघत होते, चोरी पकडल्यासारखे. मग त्यांचे खांदे हलायला लागले, गळ्याच्या कापडातून भसाभस हवा यायला लागली. हसत होते. सगळं माहीत असून त्यांनी चारचौघांत आपली मोजणी चुकली म्हणून सांगितलं, सगळं माहीत असून माझं गाठोडं काकींच्या ओसरीवर नेऊन ठेवलं, हिला मोजाय शिकवा म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, मी तोंड उघडलं, आणि बापूंनी ओठांवर बोट ठेवलं. पेटीतून पुन्हा सुरू झालं होतं. दोन, चार, सा, आठ, धा. त्यांनी उजव्या मुठीतल्या सगळ्या क्लिपा माझ्या डाव्या तळहातावर ओतल्या आणि माझी बोटं मिटली. एक ईस झाली, मी एक क्लिप इकडची तिकडे केली. दोन इसा झाल्या, दुसरी केली. ‘दोन इसा आन तीन,’ बापू म्हणाले. ‘भरली.’ तोपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही.